आकड्यावरून नाव सांगणारा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. एका रुग्णालयाच्या तळघरात, लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात माझा मुक्काम असतो. रुग्णालयातले सगळे संगणक एका जाळ्यात जोडलेले आहेत; त्यातल्या प्रत्येक संगणकाला आकड्यांचा एक पत्ता असतो. कुणी आकडा विचारला की त्या संगणकाचे नाव सांगायचे, एवढेच माझे काम.

मला कामाला लावले ते इथले संगणक सांभाळणाऱ्या काकांनी. सगळे त्यांना काकाच म्हणत. नवा संगणक आला की ते दोन नोंदी करत. नावावरून आकडा सापडावा म्हणून एक, ती शेजारच्या सर्व्हरकडे. आकड्यावरून नाव सापडावे म्हणून दुसरी, ती माझ्याकडे. "हिच्यावाचून कुणाचं अडत नाही, म्हणून हीच राहून जाते," असे ते पुटपुटत. तेव्हा माझ्या शब्दाला मान होता.

काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेली ताई हुशार होती, पण कामाच्या रगाड्यात ती फक्त पहिली नोंद करी. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. याचे मला फार वाईट वाटे.

एका सकाळी एक आकडा जाळ्यात निरर्थक संदेशांचा कचरा ओतू लागला. हा कुणाचा, असे ताईने मला विचारले. मी माझ्याकडचे नाव सांगितले: नोंदणी-तीन.

"नोंदणीच्या खिडकीवरचा ना? त्यात काहीच नसतं. टाक पुसून," ती सहकाऱ्याला म्हणाली. त्याने जागेवरूनच त्या आकड्याचा संगणक कोरा केला.

नोंदणी-तीन कधीच भंगारात गेला होता. त्याचा आकडा ताईनेच वर्षापूर्वी घशाच्या विभागातल्या संगणकाला दिला होता. शस्त्रक्रियेत ज्यांचा आवाज जाणार, त्यांचे बोलणे तिथे जपलेले होते. दुसरी प्रत नव्हती.

दुपारी एक बाई नवऱ्याला घेऊन खाली ताईकडे आली. त्याच्या गळ्याला पट्टी होती.

"लेकीला दिवस गेलेत. बाळासाठी ह्यांनी गोष्ट सांगून ठेवलीये, तेवढी द्या."

ताई म्हणाली, "मावशी, ती... माझ्याकडून पुसली गेली."

त्या माणसाने खिशातून वही काढून लिहिले, 'गोष्ट पाठ आहे. लिहून देईन.'

"पण आवाज?" बाई म्हणाली.

मित्रांनो, मी खोटे बोललो नाही. मला शेवटचे जे सांगितले गेले, तेच बोललो. कुणाचा पत्ता बदललात, तर ज्याला विचारले जाणार आहे त्यालाही कळवा. ताई आता दोन्ही नोंदी न चुकता करते. तो आकडा विचारा, मी अचूक नाव सांगेन. पण त्या संगणकात आता ते आजोबा बोलत नाहीत.