खसबच्या गलबतावर गाऱ्हाणं

सुगंधाआजीनं एकाच दिवसात दोघांना शब्द दिला होता. मुलाला सांगितलं, नाही म्हणेन. नातीला सांगितलं, हो म्हणेन. लग्न एकच होतं आणि तोंडही एकच.

त्याचं असं झालं. आजीचा मुलगा उल्हास चौतीस वर्षांपूर्वी मालवणकडचं गाव सोडून ओमानला आला, एका कंपनीत हिशेबनीस झाला आणि मस्कतला मदिनत सुलतान काबूसमध्ये संसार थाटून बसला. त्याची एकुलती मुलगी ज्ञानदा सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रयोगशाळेत कामाला लागली, आणि तिथे तिनं आपला मुलगा आपणच शोधला. तो सोहार बंदरात टगबोट चालवतो. नाव तामाती. माओरी, म्हणजे न्यूझीलंडचे मूळचे लोक, त्यांच्यातला. त्याचं घर त्या देशाच्या वरच्या टोकाला, जिथल्या खाडीत शंभरावर बेटं आहेत.

उल्हासचं डोकं फिरलं. पण मुलीला तोंडावर नाही म्हणायची त्याला लाज वाटली. "आजी हो म्हणाली तर माझी हरकत नाही," असं बोलून त्यानं वेळ मारून नेली आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला विमानात बसवून आणलं. विमानतळावरून घरी येताना, एवढ्या लांब मुलगी द्यायची नाही म्हणत, गाडीतच तिच्याकडून शब्द घेतला. संध्याकाळी ज्ञानदानं आजीचे पाय चेपता चेपता बरोबर उलटा शब्द घेतला. उल्हासची बायको यशश्री म्हणाली, "मला कुणी विचारत नाही, पण माझं केव्हाच हो आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं देवापुढे नारळ ठेवला आणि सुखरूप पोचल्याचं गाऱ्हाणं घातलं. कोकणात कुठलंही काम काढलं की असं गाऱ्हाणं घालतात. एकानं देवाकडे एकेक मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आजीचा नवरा गावचा मानकरी होता. गाऱ्हाणं घालणं हे त्याचं काम, आणि पन्नास वर्षं त्याच्यामागे उभी राहून आजीला ते पाठ झालेलं. तर आजी म्हणाली, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या घरात सुखान आणलंस..." आणि न्हाणीघरातून, दाढीचा फेस तोंडावर असताना, उल्हासचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

मग तोच ओशाळला. मस्कतमध्ये राहून तो आईशीही पुस्तकातलं मराठी बोलायचा.

इकडे तामातीची आजीही नातवाकडे आली होती. तिचं नाव मेरेआना. तिनं निरोप पाठवला की नात्याची बोलणी चार भिंतींत बसून होत नसतात, समुद्रावर भेटू या. तामाती म्हणाला, ओमानच्या उत्तर टोकाला मुसंदमला जाऊ, तिथली बेटं बघून आजीला घरच्यासारखं वाटेल. म्हणून दोन्हीकडची माणसं आपापल्या वेळेला शिनासहून बोटीनं मुसंदमच्या खसब बंदरात आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाआजीची मंडळी धक्क्यावर पोचली. भाड्याचं लाकडी गलबत तयार होतं. त्याचा सुकाणूवाला मुजम्मिल निघाला राजापूरचा.

"आजी, खंयचा गाव?" त्यानं विचारलं.

"मालवणच्या वरचा. तू?"

"राजापूर. म्हणजे आपण शेजारीच."

"शेजारी असशीत तर हात धर माझो आणि वर घे," आजी म्हणाली.

धक्क्यावर आजीनं एक गोष्ट बघून ठेवली होती. दोन दाढीवाले ओमानी बुवा भेटले आणि त्यांनी एकमेकांच्या नाकाला नाक लावलं. आजीनं मनात नोंद केली, ह्या गावात रामराम असा करतात. साठाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात पाटी धरल्यापासून तिला ही खोडच लागली होती. दिसेल ते वाचायचं आणि दिसेल ते शिकायचं.

गलबतावर गालिचे अंथरलेले, कडेला लोड, मध्ये खजूर, कहवा आणि कापलेलं कलिंगड. यशश्रीनं बोट लागू नये म्हणून गोळी घेतली आणि लोडाला टेकली. ती झोपली ती किनारा लागल्यावरच उठली. घरातला एवढा मोठा निकाल तिच्या झोपेत लागला, हे ती अजून कुणाला माफ करत नाही.

मेरेआना आधीच येऊन बसली होती. दणकट बाई, पांढरे केस, काळा झगा. ती वळली आणि सुगंधाआजी बघतच राहिली. बाईच्या हनुवटीवर गोंदलेलं होतं. खालच्या ओठापासून खाली, वळणावळणाची निळीकाळी नक्षी.

आजीच्या हनुवटीवरही गोंदण होतं, तीन ठिपके. सातव्या वर्षी जत्रेत गोंदवलेले, आणि तेव्हा तिनं बोंब ठोकून अर्धी जत्रा गोळा केली होती. निघताना उल्हास म्हणाला होता, "आई, फोटो निघतील, तेवढी हनुवटीवर पावडर लाव." तिनं लावली होती. आता तिनं पदर तोंडात ओला केला आणि हनुवटी खसाखसा पुसून काढली.

"आजी, काय करतेस?" ज्ञानदानं विचारलं.

"तिका दाखवतंय. तिचा मोठा हा, पण माझा जुना असतला."

मेरेआनानं ते तीन ठिपके पाहिले. ती उठून जवळ आली, आजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाकली. आजीला वाटलं, खसबचा रामराम. तिनं बेधडक नाक पुढे केलं आणि नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ लावून स्वस्थ उभी राहिली. मेरेआनाच्या डोळ्यांत पाणीच आलं. माओरी लोकांची भेटण्याची रीत तीच. तिला वाटलं, ही म्हातारी आपली रीत शिकून आली. सुगंधाआजीला वाटलं, ही ओमानची रीत शिकून आली. दोघी एकमेकींवर खूश झाल्या आणि खुलासा करायला कुणी धजावलं नाही.

गलबत खाडीत शिरलं. दोन्ही बाजूंनी उघडेबोडके डोंगर सरळ पाण्यात उतरलेले, गवताचं पातं नाही. पायथ्याशी चार घरांची वाडी, तिला पाणीसुद्धा होडीनं येतं. मुजम्मिलनं समोर एक खडकाळ बेट दाखवलं. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी तिथे तारऑफिस मांडलं होतं, समुद्राखालून तार टाकून. आता पायऱ्या आणि पडक्या भिंती तेवढ्या उरल्या आहेत.

मेरेआनानं मान हलवली. ज्ञानदानं तिचं बोलणं मराठीत सांगितलं, अडखळत. "त्या म्हणतात, इंग्रज इथे तार घेऊन आले. आमच्या खाडीत कागद घेऊन आले. सही करा म्हणाले. त्यांच्या पणजोबांच्या आजोबांनी सही नाही केली, स्वतःच्या चेहऱ्यावरची नक्षी काढली कागदावर."

"आणि जमीन गेली?" आजीनं विचारलं.

"बरीच गेली."

"मी साठ वर्षां अंगठो लावलंय," आजी म्हणाली. "तिका सांग, चेहरो लावलेलो बरो. अंगठे सगळ्यांचे सारखेच दिसतत."

मेरेआना इतकी हसली की कहवा सांडला. उल्हासला हे काही बरं दिसेना. बोलणी वेगळ्याच वाटेला लागली होती. त्यानं पिशवीतून ज्ञानदाचा बायोडाटा काढला, रंगीत, प्लास्टिक चढवलेला. उंची, पदवी, पत्रिका, आवडीनिवडी. मेरेआनानं तो दोन्ही हातांनी घेतला, पाहिला, छान आहे म्हणाली आणि कलिंगडाच्या ताटाखाली ठेवला, ताट डुगडुगत होतं म्हणून. मग तिनं उल्हासला विचारलं, "तुमचा डोंगर कोणता?"

"डोंगर?" उल्हासनं बायकोकडे पाहिलं. ती घोरत होती.

"डोंगर, नदी आणि होडी," तामाती म्हणाला. "आमच्यात माणूस आपली ओळख अशी सांगतो. आपण कुठल्या होडीतून आलो तेही."

"आमच्याकडे होडी नाही," उल्हास म्हणाला. "फॉर्च्युनर आहे."

"होडी नाय कशी रे मेल्या?" आजी कडाडली. "तुझ्या आज्याचो होडो होतो. त्याच होड्यातल्या माशांवर तुझी शाळा झाली."

"नाव काय होतं त्याचं?" ज्ञानदानं विचारलं.

"ह्याका विचार. ह्याका म्हायती आसाक होया."

उल्हासला माहीत नव्हतं. तो समुद्राकडे बघू लागला.

मेरेआना उभी राहिली. गलबत हलत होतं, ती हलली नाही. एक हात पुढे करून तिनं आपल्या भाषेत डोंगराला हाक मारली, नदीला, होडीला आणि मेलेल्या माणसांना एकेक करून. तिचं संपलं तसा तामाती शेजारी उभा राहिला आणि दोघांनी मिळून गाणं म्हटलं. गाणं डोंगरावर आपटून परत आलं. सुगंधाआजीला शब्द एक कळला नाही, पण ही गाऱ्हाणं घालते आहे हे अचूक कळलं.

गाणं संपलं आणि दोघं खाली बसून वाट बघू लागली.

"आता तुमच्या बाजूनं कुणीतरी बोलायचं," तामाती हळूच म्हणाला. "उत्तर आलं नाही तर आजी समजेल, भेट झालीच नाही."

उल्हास उठला. "थँक यू फॉर कमिंग," म्हणाला आणि बसला.

मेरेआना वाट बघतच राहिली. ज्ञानदाचा चेहरा पडला. तिनं आजीकडे पाहिलं. उल्हासनंही आईकडे पाहिलं, भुवया उंचावून, म्हणजे आता तुझं ते नाही म्हणून टाक. आजीला दोन्ही शब्द आठवले. पोरगी लांब जाणार, इतकी की आपण मेलो तरी तिला मागाहून कळणार, हेही तिच्या मनात येऊन गेलं. मग तिनं उल्हासकडे नीट बघितलं.

"एवढा लांब नको म्हणतंस," ती म्हणाली. "तू काय कमी लांब इलंस? मी तेव्हा कोणाक सांगलंय, नाय म्हण म्हणान?"

आजीनं डोक्यावर पदर घेतला, मुजम्मिलनं जेवणासाठी आणलेला एक नारळ मागून घेतला आणि छपराच्या खांबाला धरून उभी राहिली. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायची गावात वहिवाट नव्हती. पण गाव इथून फार लांब होता आणि मानकरी वर गेलेला.

"बा देवा रवळनाथा, बाव्याच्या डोंगरा, गड न्हंयच्या पाण्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सुकाणूवरून मुजम्मिलचा खणखणीत आवाज आला. राजापूरच्या जत्रेत लहानपण गेलेला माणूस तो, त्याला शिकवायला नको होतं.

"ही तुझी लेकरा आज परमुलखात, परक्या दर्यात उभी हत म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." आता ज्ञानदाही. तामातीनंही जमेल तसं म्हटलं. पाण्यात खळबळ झाली आणि गलबताच्या दोन्ही अंगांनी डॉल्फिन वर आले, चार, मग सात. त्यांना आरडाओरडा आवडतो, मुजम्मिल म्हणाला, आणि आणखी मोठ्यानं ओरडू लागला.

"त्येंच्या वाटेक जा काय वाकडा असात ता सरळ कर म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." मेरेआनाही. तिला अर्थ कळला नसेल, पण ताल बरोबर सापडला.

आजीचा आवाज चढला. डॉल्फिन उड्या मारत होते, ताटातला खजूर घरंगळत होता, यशश्री घोरत होती. उल्हास अंग आखडून बसलेला, पण त्याचा पाय गालिच्यावर ताल धरू लागला होता. लहानपणी बापाचं धोतर धरून, अर्धवट झोपेत, त्यानं हे किती वेळा म्हटलं असेल.

"इडापिडा टळू दे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." ह्या वेळी उल्हासही.

"होडये बुडाक नको, चुली विझाक नको म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." उल्हास सगळ्यांत मोठ्यानं.

आजी क्षणभरही थांबली नाही, आवाजही बदलला नाही. "आणि ह्या ज्ञानदाचा ह्या तामातीवांगडा लगीन सुखासमाधानान पार पाड म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," उल्हास गर्जला.

मग त्याला ऐकू आलं, आपण काय बोललो ते. तोंड तसंच उघडं राहिलं. ज्ञानदानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. आजीनं शांतपणे नारळ खांबाच्या बुंध्यावर फोडला, पाणी समुद्रात सोडलं आणि बसली.

"आई," उल्हास म्हणाला, "तू मला शब्द दिला होतास."

"दिलेलंय. मी खंय हो म्हटलंय? मी देवाकडे मागलंय. हो तू म्हटलंस."

"ते आपोआप आलं तोंडातून."

"आपोआप येता ताच खरा."

मेरेआनानं विचारलं की हे शेवटी काय ठरलं, आणि ज्ञानदानं रडत हसत सांगितलं. मेरेआनानं येऊन उल्हासच्या नाकाला नाक लावलं. तो अगदी अवघडून उभा राहिला, खांद्यात मान घालून, पण मागे सरला नाही. मग आजीनं सगळ्यांना खोबरं वाटलं. मुजम्मिलला दोन तुकडे जास्त दिले.

बेटाला वळसा घालून गलबत परत फिरलं. मग उल्हास आला, ताटाखालचा बायोडाटा ओढून काढला, त्यावरचं कलिंगडाचं पाणी बाहीनं पुसलं आणि आईशेजारी मांडी घालून बसला. खिशातून पेन काढलं.

"आये," तो म्हणाला, "आज्याच्या होड्याचा नाव काय होता?"

आजीनं त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. प्लास्टिकवर शाई धरेना, म्हणून कागद उलटा केला, प्लास्टिक कोपऱ्यातून फाडलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर, गलबत हलत असताना, एकेक अक्षर सावकाश काढत नाव लिहू लागली.