बाबांची जागा

रविवारी भर दुपारी मोटार शिकवणाऱ्या मास्तरांच्या जुन्या मोटारीभोवती पन्नास-साठ माणसं जमली होती. मास्तर स्वतः मोटारीत नव्हते. त्यांना जाऊन पाच महिने झाले होते. पण आज ते येणार, अशी गल्लीभर बातमी होती, आणि मोटारीच्या काचेला रबरी चकतीनं चिकटवलेल्या तळहाताएवढ्या यंत्राकडे सगळे टक लावून बघत होते.

"पत्ता घालू नका!" दिशागुरू ओरडले. "कुणी बोट लावू नका! मोटारीला रस्ता उपग्रह दाखवतो, पण उपग्रहाला रस्ता कोण दाखवतो? सांगा!"

हे दिशागुरू दोन वर्षांपूर्वीपर्यंत बाजारात सीट कव्हर आणि हॉर्न विकत. मग एका नवशिक्याच्या मोटारीत रस्ता दाखवणारं यंत्र बसवताना त्यांना म्हणे साक्षात्कार झाला, की गेलेल्या माणसाला पृथ्वी वरून दिसते, आणि वरून बघणारा कधी चुकत नाही.

यंत्राची आज पहिलीच फेरी होती. मास्तरांचं जुनं यंत्र गुरूंनी दोन महिन्यांपूर्वीच नेलं होतं. जुन्यातला जीव नव्यात उतरवायला वेळ लागतो, असं त्यांनी मास्तरांच्या बायकोला सांगितलं होतं. तिचा भाऊ हौसेनं ते जुनं यंत्र फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात देऊन आला होता.

मागच्या सीटवर मास्तरांची बायको, तिच्या शेजारी गुरूंचा मेव्हणा. तो हात कोटाच्या खिशात खुपसून, डोळे मिटून बसला होता. गुरू पुढे, आणि चाकावर मास्तरांची एकुलती लेक. ती शाळेत भूगोल शिकवी. ही फेरी तिला मान्य नव्हती. पण आईच्या काखेत गाठ आली होती, डॉक्टरांनी तपासणीच्या दोन तारखा दिल्या होत्या आणि आईनं दोन्ही चुकवल्या होत्या. "यंत्र तयार होऊ दे," ती म्हणे. "ते सांगतील तर जाईन, नाहीतर नाही." तिसरी तारीख येत्या गुरुवारी होती. आईला एकटीला या दोघांच्या तावडीत सोडायचं नाही, एवढ्याचसाठी लेक चाकावर बसली होती.

"मास्तर, निघायचं का?" गुरूंनी काचेकडे बघून विचारलं.

मग टिंग वाजलं, पडद्यावर निळी रेघ उमटली आणि एक बाई गोड आवाजात म्हणाली, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा."

गर्दीनं तोंडात बोटं घातली.

"पण आवाज बाईचा कसा?" बेकरीवाल्यानं खिडकीतून डोकं घालून विचारलं.

"वर गेल्यावर बाई काय नि बुवा काय!" गुरू म्हणाले.

"मास्तर खालीसुद्धा कुणाला दोनशे मीटर आधी सांगत नव्हते," बेकरीवाला पुटपुटला. "मी शिकलोय त्यांच्याकडे. वळण गेल्यावर ओरडायचे."

शिंपीणकाकूंनी त्याला कोपरानं ढोसलं. मोटार निघाली. मागे चार मोटारी, सात-आठ दुचाकी. डावीकडे, उजवीकडे, मग सरळ गावाबाहेर. आई पदराच्या टोकाशी चाळा करत प्रत्येक वळणावर मान डोलवत होती. बाई गोड आवाजात सांगत होती आणि लेक निमूटपणे वळत होती. आपला बाप गेल्यावर आपण त्याचं पहिल्यांदाच इतकं ऐकतोय, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"तुम्ही पोहोचला आहात."

समोर पाण्याचं पंपघर होतं. गंजलेलं लोखंडी फाटक, त्याला कुलूप, आत मोटारपंपांची घरघर. फाटकामागे दूरवर तळ्याच्या पाण्याची एक चकचकीत पट्टी.

"हीच त्यांची जागा!" गुरू खाली उतरून गरजले. "मास्तरांची आवडती जागा! कुणाला ठाऊक होती?"

"मला नव्हती," आई म्हणाली, आणि फाटकाच्या गजाला गाल लावून रडू लागली. "मला न सांगता इथं येऊन बसायचे. गळ टाकायला जातो म्हणायचे, नि इथं…" काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मामांनी खिशातून रुमाल काढला.

लेक चाकावरून उठली नाही. या जगात ती जागा दोघांनाच ठाऊक होती, आणि त्यांतला एक आता नव्हता.

तीन वर्षांपूर्वी तिनंच बाबांना ते जुनं यंत्र आणून दिलं होतं. बाबा सुट्टीच्या दिवशी तळ्यावर गळ टाकून बसत. त्या काठाला नाव नव्हतं, म्हणून तिनं नकाशावर बोट टेकवून खूण केली आणि वर लिहिलं, "बाबांची जागा". बोट जरा जाडच टेकलं. खूण पडली पलीकडच्या काठावर. पुढच्या सुट्टीला बाबांचा फोन आला, "काय हो भूगोलाच्या बाई, तुमच्या तळ्याला कुलूप असतं का?" दोघं खूप हसली होती. त्यानंतर बाबा त्या खुणेच्या वाटेला कधी गेले नाहीत. पण ती पुसते म्हणाली तेव्हा म्हणाले, "राहू दे गं. तू दिलेली आहे."

आकाशातून बाप बघत असता, तर तो तळ्यावर गेला असता. पंपघरावर फक्त तिची चूक जाऊ शकत होती.

बाहेर सगळे फाटकाला हात लावत होते. तिनं यंत्राच्या पडद्यावर बोट टेकवलं. एक पान, दुसरं पान. "जोडलेला फोन: हॉर्न आणि सीट कव्हर." गुरूंचा जुना धंदा, आणि मेव्हण्याचा हात सगळी वाट कोटाच्या खिशात. जुन्या यंत्रातल्या खुणा मेव्हण्याच्या फोनमध्ये उतरवल्या होत्या, आणि कोटाच्या खिशातलं बोट पाहिजे तो पत्ता काचेवरच्या यंत्राला पाठवत होतं. संपलं. दोन महिन्यांची विद्या ती एवढीच.

मग तिला दुसरी गोष्ट सुचली. आपलाही फोन याला जोडता येईल. आत्ता, कुणाला न कळता. पत्ता घालायचा इस्पितळाचा. गोड बाई म्हणेल, डावीकडे वळा. आई हसत हसत तपासणीला जाईल.

तिनं फोन काढला. इस्पितळाचा पत्ता समोर आला. अंगठा त्यावर थांबला.

उद्या आई विचारेल, औषध घेऊ का? परवा विचारेल, कापू देऊ का? दर वेळी आपण खिशात हात घालून बाप व्हायचं. मेव्हण्यात आणि आपल्यात मग फरक तो काय? तिनं फोन बंद केला आणि ती खाली उतरली.

"ताई, आता मोठा प्रश्न विचारा," गुरू आईला सांगत होते. "तपासणीला जायचं की आमच्या सभागृहात उपासनेला यायचं, ते मास्तरच नेऊन दाखवतील."

"दाखवू देत," लेक म्हणाली. "फक्त तुमच्या मेव्हण्यांचा फोन बंद करून बेकरीवाल्या काकांच्या हातात द्या."

मागच्या सीटवर मेव्हण्यानं पहिल्यांदाच डोळे उघडले.

"गेलेल्यांची परीक्षा घेऊ नये, पोरी!" गुरू म्हणाले.

"बाबा मोटार शिकवायचे. परीक्षा घेतल्याशिवाय त्यांनी कुणाच्या हाती चाक दिलं नाही."

बेकरीवाला हसला आणि त्यानं सरळ हात पुढे केला. सगळ्यांचे डोळे खिशाकडे वळल्यावर मेव्हण्याचा इलाज चालेना. फोन बाहेर आला, बंद झाला. यंत्र मुकं. गुरूंनी हाका मारल्या, काचेवर टिचक्या मारल्या, शेवटी मास्तर थकले असतील असं सांगून पाहिलं. मग लेकीनं सगळ्यांदेखत आपला फोन जोडला आणि एक पत्ता पाठवला. टिंग. "मागे वळा. बेकरीकडे जाण्यासाठी…"

"अरेच्चा!" बेकरीवाला म्हणाला. "मी तर अजून जिवंत आहे!"

हशा झाला. लेकीनं पंपघराच्या खुणेची गोष्ट सांगितली, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

सगळ्यांना पटलं असं समजू नका. एका मोटारीनं गुरूंना बसवून घेतलं, आणखी एक त्यांच्या मागोमाग गेली. शिंपीणकाकू म्हणाल्या, "यंत्र खोटं निघालं म्हणून माणूस खोटा ठरत नाही." मामा भाचीशी बोलेनासे झाले, स्वतःच्या हातानं यंत्र नेऊन दिल्याचं त्यांना गिळवेना.

आई परतीच्या वाटेवर एकच बोलली. "तेवढं एक उरलं होतं माझ्यापाशी. तेही घालवलंस."

"तो त्यांचा आवाज नव्हता, आई."

"मी काय बहिरी आहे?" आई म्हणाली, आणि तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

गुरुवारी सकाळी मात्र ती आपणहून मोटारीत येऊन बसली. "रस्ता ठाऊक आहे ना तुला?" एवढंच विचारलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी कागद दोनदा वाचले. "दोन महिने आधी आला असतात, तर…" म्हणाले, आणि वाक्य तसंच सोडून औषधांची यादी लिहू लागले. आईनं लेकीकडे बघितलं नाही. लेकीनंही आईकडे बघितलं नाही. दोन महिने म्हणजे नेमके कुठले, ते दोघींना ठाऊक होतं.

बेकरीवाल्यानं गुरूंकडे जाऊन जुनं यंत्र परत आणलं. ती खूण त्यात अजून आहे. लेक ती पुसणार नाही. बापाच्या हसण्याची तेवढीच निशाणी तिच्यापाशी आहे. पण ती खूण चुकीची आहे, हे ती एक दिवसही विसरत नाही. तुम्हीही आपल्या माणसाची आठवण हवी तेवढी जवळ ठेवा, तिच्यापाशी रडा, तिच्याशी बोला. रस्ता मात्र तिला विचारू नका. रस्ता जिवंत माणसाला विचारा, डॉक्टरला विचारा, आणि जो म्हणेल की परीक्षा घेऊ नये, त्याचा खिसा आधी तपासा.