शेवंताबाईंकडे ठेवलेलं गाठोडं

मधुकररावांनी सहलीच्या बेतात ताडोबा घातलं त्या सकाळी ठोसरांचं घर इतकं लांबलं, की पुढच्या दारातून दूध घेऊन निघालेल्या कुमुदताई स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्याचं दही लागलं होतं. चांगलं घट्ट लागलं होतं. त्यांनी त्याची कढी करायला घेतली.

"आज काय वाढवलं?" त्यांनी विचारलं.

"ताडोबा." मधुकररावांनी जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या नकाशावरून मान वर केली नाही. "नवेगाव कालच घातलं."

"तरीच पोटऱ्या भरून आल्या माझ्या."

घराला ही खोड जुनीच होती. मधुकररावांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढण्यात गेली, आणि पेन्सिल हातात आली की माणूस कागदावर थांबतच नसे. पाऊस सरला, अमरावतीचं आभाळ धुतल्यासारखं निळं झालं, आपट्याची पानं बाजारात आली की ते दरवर्षी सहलीचा बेत आखायला बसत. गाडीने जायचं, वाटेल तिथे थांबायचं, कुणाला बांधील नाही. प्रत्येक मुक्कामागणिक स्वयंपाकघर आणि पुढचं दार यांच्यामधलं अंतर वाढे. कधी फरशी, कधी दोन फरश्या. बेत मोडला की घर पुन्हा आक्रसून होतं तेवढं होई, आणि बेत दरवर्षी मोडे. कधी एखादा मुक्काम नीट बसत नसे, कधी घाटाची भीती वाटे, कधी नुसतंच दिवाळी जवळ आली म्हणून.

यंदा मात्र त्यांनी सगळं एकाच फेरीत घ्यायचं ठरवलं होतं. आधी जंगलं, मग शहरं, आणि शेवटी कोकणातला समुद्र.

कुमुदताईंनी समुद्र पाहिलेला नव्हता. अचलपूरला जन्म, अमरावतीला लग्न. मोठं पाणी म्हणजे धरणाचं. नव्या नवरीला मधुकररावांनी सांगितलं होतं, "पुढच्या दसऱ्याला तुला समुद्र दाखवतो." त्या नवरीचे आता गुडघे वाजत होते. पण समुद्र हा शब्द कानावर पडला की त्यांच्या छातीत अजून काहीतरी हलत असे, आणि त्याची त्यांना मुळीच लाज वाटत नव्हती. मरायच्या आधी एकदा पाहायचा, आणि ह्याच माणसाबरोबर पाहायचा, एवढं एकच त्यांचं मागणं उरलं होतं.

म्हणून यंदा त्यांनी एक गोष्ट मधुकररावांना न विचारता केली. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांनी प्रस्थान ठेवलं. मुहूर्त चांगला असावा आणि आपलं निघणं लांबावं, तर आपलं थोडं सामान शेजारी नेऊन ठेवायचं. मुहूर्तावर सामान निघालं म्हणजे माणूसही निघालं असं धरतात. मग चार दिवसांत खरोखर निघायचं आणि जाताजाता सामान उचलायचं. कुमुदताईंनी स्वतःची मोरपंखी साडी, नवऱ्याचा सदरा, सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ एका पंच्यात बांधले आणि समोरच्या घरी शेवंताबाई बोरकुट्यांच्या फळीवर ठेवले. गाडीलाही त्यांनी झेंडूचा हार घातला.

"आता नाही म्हणायची सोय नाही," त्यांनी घरी येऊन सांगितलं. "आपण निघालो."

"अगं, पण कोल्हापूरचा मुक्काम ठरला नाही," मधुकरराव म्हणाले, आणि दार आणखी मागे गेलं.

दुसऱ्या दिवसापासून दूधवाला आला नाही. पेपर आला नाही. गल्लीत कुणी विचारलं की लोक सांगत, ठोसर ना, ते फिरायला गेले. घरालाही तसंच वाटत होतं. कुमुदताईंनी नळ सोडला तर तो कोरडा खोकला. गादीवर बसून उठल्या तर गादीला खळगा पडला नाही. देवापुढे निरांजन लावलं, ते त्यांची पाठ वळताच विझलं, कारण घरात कुणी नाही तर ते जळणार कुणासाठी? आणि जी लांबी इतकी वर्षं नुसती रिकामी वाढत आली होती ती हळूहळू भरायला लागली. माजघराच्या पलीकडून मोहाच्या सालीचा वास आला. मग एक मोर ओरडला.

तेवढ्यात फोन वाजला. समोरच्या शेवंताबाई होत्या.

"काहो ताई, तुमच्या गाठोड्याले सागाची पानं चिकटून राहिली. म्या झाडली, पुन्हा चिकटली."

"राहू द्या, शेवंताबाई."

दुपारी पुन्हा फोन आला. "आता त्याले धुराचा वास येऊन राहिला. गाड्यांचा. आन् आतून हॉर्न वाजून राहिला, बाप्पा. आमचे हे झोपले हायेत."

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा शेवंताबाईंचा आवाज बदललेला होता. "ताई, गाठोडं ओलं झालं. खारं पाणी हाये, म्या बोट लावून पाह्यलं. ते फळीवरून उतरून दाराकडे चाललं. म्या कवळा घालून धरलं हाये, पण किती धरू? तुमी येता का नाही?"

कुमुदताईंनी फोन ठेवला. साडी समुद्र पाहणार होती. त्या ती नेसलेल्या नसल्या तरीही. एकदा गाठोडं पाण्यापर्यंत पोचलं की ठोसर जोडपं समुद्र पाहून आलं असंच सगळं जग धरणार, आणि मग पुढच्या कुठल्याच दसऱ्याला विचारायची सोय राहणार नाही. त्यांना इतका राग आला की त्यांनी गॅस बंद करून स्वयंपाक तसाच टाकला.

"उठा," त्या म्हणाल्या.

"थोडंच राहिलंय. पुण्यात कुठे—"

"नकाशा घ्या हातात, पेन्सिलही घ्या. चालता चालता काय करायचं ते करा. पण उठा."

माजघरात पाऊल टाकताच ऊन हिरवं झालं. साग दोन्ही भिंतींना धरून उभे होते आणि त्यांचे शेंडे छताच्या वर, जिथे छत असायला हवं तिथून पुढे गेलेले होते. शिवणयंत्रावर कोळ्यांनी ताटाएवढी जाळी विणली होती, त्यांवर दव होतं. कुमुदताई हळू चालल्या. लग्नापासून हे घर त्या झाडत आल्या होत्या आणि ते असं उंच असू शकतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आंघोळीच्या तांब्याच्या घंगाळाशी वाघीण पाणी पीत होती. दोघं थांबली. वाघिणीने सावकाश पाणी पिऊन घेतलं, मिशा झाडल्या, आणि घरच्या बाईने पाहुण्यांकडे पाहावं तसं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती कोनाड्याच्या दिशेने गेली. तिच्या अंगाच्या पट्ट्यांमागून झाडं एकेक करून दिसत गेली आणि शेवटी नुसती झाडं राहिली.

कुमुदताईंच्या डोळ्यांना धार लागली. भीतीने नाही. इतकं सुंदर काही इतक्या जवळून आपल्याकडे पाहील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

"सकाळची फेरी लिहिली होती मी," मधुकरराव कुजबुजले. "दुपारी कशी दिसली?" पण बऱ्याच वेळात त्यांनी पेन्सिल कागदाला लावली नव्हती.

बैठकीत शहर होतं. कोचाच्या दोन्ही बाजूंना इमारती, शोकेसखालून उड्डाणपूल, आणि भर दुपारी सगळ्या खिडक्यांत दिवे. एकेका खिडकीत एकेक माणूस उभं. सगळे एकाच दिशेला, पुढच्या दाराकडे पाहत होते, आणि सगळ्यांचे केस त्या दिशेच्या वाऱ्याने मागे उडत होते. कोपऱ्यावर एक इस्त्रीवाला कोळशावर पाणी शिंपडत होता.

"कुठे निघालात?" त्याने विचारलं.

"समुद्रावर."

"तो काय, दारातच आहे," तो म्हणाला आणि पुढचा शर्ट घेतला.

मग आवाज ऐकू आला. कुमुदताईंनी धरणाचे दरवाजे उघडताना ऐकले होते, पण हा आवाज श्वास घेत होता. चपलांच्या मांडणीपाशी फरशी ओली होती. पायपुसण्यावर शंखांचा चुरा पडला होता. दार सताड उघडं होतं.

दारापलीकडे गल्ली नव्हती. तिथे समुद्र होता, आणि तो कॅलेंडरवरच्यासारखा निळा नव्हता. त्याला इतके रंग होते की कुमुदताईंनी मोजायचा विचार सोडून दिला. तो सगळीकडे होता. आभाळ संपेल तिथवर तो होता आणि तिथूनही पुढे असणार हे दिसत होतं. त्यांना वाटलं, आपण इतकी वर्षं एवढ्याशा डोळ्यांनी काय पाहत होतो? पांढरी गाडी पुढच्या चाकांपर्यंत पाण्यात उभी होती, झेंडूचा हार अजून ताजा. आणि लांब, पार पलीकडे, शेवंताबाई आपल्या ओट्यावर गाठोड्याला मिठी मारून बसल्या होत्या.

"या ना लौकर!" त्यांचा आवाज पाण्यावरून आला. "म्या सोडून राहिली आता!"

"चला," कुमुदताई म्हणाल्या.

मधुकररावांनी नकाशा दाराच्या चौकटीवर टेकवला होता. "परतीचा रस्ता आखायचा राहिलाय," ते म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल टेकवली. रेघ बोटभर पुढे गेली. कुमुदताईंच्या पायाखालची फरशी ताणली गेली, पायपुसणं सरकलं, आणि समुद्र तेवढाच मागे हटला. शंखांचा चुरा कोरडा पडला.

त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "का हो? खरं सांगा. का नाही नेलंत मला कधी?"

मधुकररावांनी समुद्राकडे पाहिलं नाही. त्यांनी मागे, घराच्या आत पाहिलं, शहराच्या आणि जंगलाच्या पार, जिथे स्वयंपाकघराचा दिवा चिमणीएवढा दिसत होता.

"मी रोज कामाला निघताना 'येतो' म्हणायचो," ते म्हणाले. "तू आतून 'या' म्हणायचीस. त्याशिवाय मी कधी उंबरा ओलांडला नाही. साइटवर, पुरात, कुठेही असलो तरी मला वाटायचं, तिने 'या' म्हटलंय, म्हणजे मी परत येणार." ते कुमुदताईंकडे वळले. "आपण दोघंही निघालो तर 'या' कोण म्हणेल, कुमुद?"

कुमुदताईंना ती सकाळ आठवली, रोजची. दारातून 'येतो' यायचं. त्या चुलीपुढूनच 'या' म्हणायच्या. मग फाटक वाजायचं, घर शांत व्हायचं, आणि त्या स्वतःपुरता एका कपात चहा गाळून घ्यायच्या. तेवढ्या एका कपापुरता त्यांना समुद्र आठवायचा. त्यांना हसू आलं आणि रडूही आलं. एवढ्यासाठी? एवढ्यासाठी हा माणूस जन्मभर रेघा ओढत बसला होता!

"'येतो' म्हणून तर बघा," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"घराला. नेहमीसारखं."

मधुकररावांनी घसा खाकरला. पाण्यात गाठोडं सुटलं होतं. मोरपंखी साडी घडी मोडून लाटेवर पसरत होती आणि शेवंताबाई ओट्यावर उभ्या राहून हात हलवत होत्या. समुद्र उंबऱ्याशी येऊन थांबला. खिडक्यांतली सगळी माणसं थांबली. कुमुदताईंनी ओठ घट्ट मिटून घेतले, म्हणजे आपल्या तोंडून चुकून उत्तर जायला नको.

"येतो गं," मधुकरराव म्हणाले.

बराच वेळ काही झालं नाही. मग फार लांबून, शहराच्या पलीकडून, सागांच्या पलीकडून, स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला, आणि कुमुदताईंच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "या."

मधुकररावांच्या हातून पेन्सिल सुटली. त्यांनी कुमुदताईंचा हात धरला आणि दोघांनी उंबरा ओलांडला. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं, कोमट होतं, आणि कुमुदताईंच्या ओठांवर खारट चव आली.

मागे, घराच्या आत, एका कपात चहा गाळल्याचा आवाज येत होता.