भुंग्याची वाटी आणि दोनच बिस्किटं

मी एक जुनी, काठाला पोचा आलेली स्टीलची वाटी आहे. मित्रांनो, कोणाचं उणंदुणं काढायचं नाही असा माझा रोजचा नेम आहे. पण ज्या घरात मी राहते, तिथे तो दुपारपर्यंतही टिकत नाही. आजही टिकणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची चकती यंत्राखाली गेली आणि वाटी होऊन बाहेर आली. या घरात आले तेव्हा आजी तरुण होत्या. छोट्या बाबांना, म्हणजे आपल्या मुलाला, त्या माझ्यासमोर बसवत आणि आपण शेजारी बसत. काठावरचा पोचा ही बाबांचीच कर्तबगारी. पण पोट भरलं की ते मान फिरवत, आणि आजी मुकाट्याने मला उचलून नेत. "गुणाची वाटी," असं तेव्हा त्या मला म्हणत. पुढे बाबा मोठे झाले, मी फळीवर मागे गेले आणि माझ्यात सुटी बटणं साठू लागली.

मग बाबांना मुलगा झाला. तो कुठेच टेकत नाही म्हणून सगळे त्याला भुंगा म्हणतात. त्याच्यासाठी माझी आठवण कोणाला झाली नाही. तळाला रबर असलेली एक रंगीत ताटली आली. ती टेबलाला चिकटते, मुलाला उलटवता येत नाही, असं खोक्यावर छापलं होतं. भुंग्याने ती उपटली आणि टोपीसारखी डोक्यावर घातली. ती तडकल्यावर बटणं ओतून मला बाहेर काढलं.

आणि काय पाहायला मिळालं म्हणता! भुंगा पुढे, त्याच्यामागे चमचा, चमच्यामागे मी, आणि मला धरून धापा टाकणारी शहाणीसुरती माणसं. पलंगाखाली, जिन्यात, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड. बाबांच्या हाताखाली म्हणे कचेरीत दहा माणसं आहेत. घरी हे गृहस्थ तोंडाने घुर्र करत चमच्याचं विमान उडवतात आणि एवढंसं पोर त्यांना उतरू देत नाही. मग मोबाइल लावायचा. चित्रं बघताना भुंग्याचा आ वासला की आत घास ढकलायचा. याला ते जेवण म्हणतात. टपालपेटीत पत्रसुद्धा याहून मानाने पडतं.

आजींनी तरी शहाणपण राखायला हवं होतं. पण त्यांच्या मांडीवर बिस्किटांचा डबा आला होता. "जेवला नाही हो, दोनच देते," म्हणून उठल्यावर दोन, आंघोळ झाली की दोन, पडला की दोन, न पडल्याबद्दल दोन. संध्याकाळी बाबा गोड रसाची बाटली आणत. मग मऊ भात, वाटाणे, किसलेलं गाजर घेऊन मी समोर गेले की भुंगा मान फिरवी. मान फिरवणं म्हणजे पोट भरलं, हे ज्या बाईंना एके काळी कळत होतं, त्या आता म्हणत, "दृष्ट लागली असेल."

भुंग्याची आई प्रयोगशाळेत रक्त तपासते. ते काम तिला मनापासून आवडतं. या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी भुंग्याचं वजन केलं. ते वाढलं नव्हतं. घरी येऊन आई आजींना म्हणाली, "मी सोमवारी राजीनामा देते. माझ्या हाताने तरी जेवेल."

बाबा मोबाइलवरून मान वर करून म्हणाले, "तुला बरं वाटेल तसं कर." याला ते मनाचा मोठेपणा समजतात.

रविवारी आजींचे डोळे तपासायला बाबा त्यांना घेऊन गेले. डबा पिशवीतून आजींबरोबर गेला, मोबाइल बाबांबरोबर. आईने भात, भाजी, दही केलं, मला भरलं आणि आपल्या ताटाशेजारी जमिनीवर ठेवलं. भुंग्याच्या मागे धावायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिला स्वतःलाच सपाटून भूक लागली होती, आणि ती गप्प जेवू लागली.

भुंगा आला, चप्पल ठेवून गेला. पुन्हा आला, झाकण वाजवून गेला. कोणी मागे येईना, तेव्हा त्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग फतकल मारून बसला, बाबांनी पाडलेला पोचा मुठीत धरला आणि हाताने जेवू लागला. अर्धं सांडलं, अर्धं पोटात गेलं. आईने मान वर केली नाही. फक्त तिचा घास हातातच राहिला.

"अजून," भुंगा म्हणाला.

आजी परतल्या त्या दारातच पिशवीत हात घालून. आई म्हणाली, "आई, डबा इकडे द्या."

"अगं, दोनच तर देते."

"दिवसातून किती वेळा दोनच?"

आजींनी डबा पिशवीतून काढून दिला. बाबा हसायला लागले. आईने त्यांच्या हातातली रसाची बाटली पाहिली आणि त्यांचं हसू विरलं.

सोमवारी आई कामावर गेली, राजीनामा न देता.

आता दुपारी मला जमिनीवर ठेवून आजी शेजारी जेवतात. भुंगा सांडतो तेव्हा त्यांचा हात शिवशिवतो, पण आवरतात. त्याने मान फिरवली की मला उचलतात. हे सगळं त्यांना पूर्वी येत होतं, म्हणून मी त्यांचं कौतुक करणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं लहान भावंड असेल तर मोठ्यांना एवढंच सांगा: त्याला घरचं सकस अन्न वाढा, शेजारी बसा आणि आधी भूक लागू द्या. समजेल का त्यांना, ते मी सांगू शकत नाही. डबा आता माझ्याच फळीवर, अगदी वर आहे. काल आजींनी त्याच्याखाली स्टूल आणून ठेवलं. फळी पुसायची आहे, म्हणाल्या.