चिन्ह का उलटतं?

दिल्ली कँटच्या लष्करी क्वार्टरमध्ये राहायला आल्यावर अर्पिताने नववीत सुटलेली शाळा पुन्हा धरली. नवरा महेश फौजेत हवालदार, मुलगी दुपारपर्यंत शाळेत. मधला वेळ तिचा एकटीचा. खुल्या शाळेतून तिने दहावीचा फॉर्म भरला आणि गणितासाठी शेजारच्या रुचिराताईंना गाठलं. त्या बी.एस्सी. झालेल्या, त्यांचेही यजमान त्याच युनिटमध्ये.

असमानतेचा धडा सुरू झाला तेव्हा अर्पिताला मजा वाटली. आतापर्यंत प्रत्येक गणिताला एकच उत्तर असायचं, इथे उत्तरांची रांगच्या रांग. त्यातून खर्चाची शाब्दिक उदाहरणं म्हणजे तिच्या हातचा मळ. एक उदाहरण असं होतं: जवळ पाचशे रुपये, एक वही चाळीसची, आणि शेवटी किमान शंभर रुपये उरले पाहिजेत, तर किती वह्या घेता येतील? वह्यांना तिने क्ष म्हटलं. पाचशे वजा चाळीस क्ष, हे शंभराहून कमी होता कामा नये. पाचशे पलीकडे नेले, तिकडे उणे चारशे झाले, मग दोन्ही बाजूंना उणे चाळीसने भागलं. उत्तर आलं: क्ष दहा किंवा दहापेक्षा जास्त.

तिने पेन्सिल खाली ठेवली. अकरा वह्या घेतल्या तर साठच रुपये उरत होते. पन्नास घेतल्या असत्या तर उधारीच मागावी लागली असती.

रुचिराताईंनी वहीत डोकावून चिन्ह उलटं केलं. "उणे संख्येने भागलं की चिन्ह उलटतं. नियम आहे तो. लक्षात ठेव."

"पण का उलटतं?"

कॉलेजात इतकी वर्षं चिन्हं उलटवली, पण हे कधी मनात आलं नाही, असं रुचिराताईंनी सरळ सांगितलं. बघते म्हणाल्या.

अर्पिताच्या मात्र पोळ्या लाटतानाही तेच डोक्यात घोळत होतं. आकडे तेच, भागाकार बरोबर, मग त्या चिन्हाने तोंड का फिरवावं? रात्री तिने महेशला विचारलं. त्याने मन लावून ऐकलं आणि ऐकता ऐकता त्याचा डोळा लागला.

रविवारी दोघं सरोजिनी नगरच्या कपडेबाजारात गेले. सुट्टीत गावी जायचं होतं, नणंदांना, जावांना कुर्त्या न्यायच्या होत्या. गर्दीत पर्स मारतील म्हणून दीड हजार रुपये महेशने स्वतःच्या खिशात ठेवले. अडीचशेला एक असा भाव ठरला. अर्पिता ढिगातून एकेक कुर्ती काढून हातावर टाकत होती आणि महेश मागे उभा राहून, एक हात खिशावर ठेवून, पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, की घरी जायला दोनशे तरी राहायलाच हवेत. दुकानदार म्हणाला, मॅडम, छह ले लो, अच्छा लगेगा.

"नाही, पाचाच्या वर नाही घेता येणार," अर्पिता महेशकडे वळून म्हणाली.

"मी तेच तर सांगतोय केव्हाचा. दोनशेच्या खाली नाही जायचं."

ती कुर्त्या हातात धरून तशीच उभी राहिली. तो खिशात उरलेल्या पैशांकडे बघत होता, ती हातावरच्या कुर्त्यांकडे. त्याची मर्यादा खालून होती, तिची वरून, आणि दोघांचं बोलणं मात्र एकच. इथे एक कुर्ती वाढली की तिथे अडीचशे कमी. उरलेल्यावरची नजर घेतलेल्यावर आणली की 'किमान'चं 'कमाल' होणारच. मागच्या बाईने धक्का दिला तेव्हा ती भानावर आली. परतताना मेट्रोत तिने महेशला सगळं समजावलं. या वेळी तो जागा होता आणि त्याला पटलंही.

दुसऱ्या दिवशी रुचिराताईंनी तिचं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे पैशाचं झालं. पण नुसतं उणे क्ष दिलं, खिसा नाही, कुर्ती नाही, तर?"

दोघी वही मध्ये ठेवून बसल्या. चहा निवून गेला. वह्यांच्याच उदाहरणातले नुसते आकडे घेऊन रुचिराताईंनी बरंच खोडलं. मग अर्पिता म्हणाली, भागायचंच कशाला? उणे चाळीस क्ष उचलून उजवीकडे नेले तर ते अधिक होतील, आणि उणे चारशे डावीकडे आणले तर तेही. तसं केलं. डावीकडे चारशे, उजवीकडे चाळीस क्ष, मध्ये चिन्ह जसंच्या तसं: चारशे मोठे किंवा बरोबर.

"म्हणजे क्ष दहापेक्षा जास्त नाही," रुचिराताई हळूच म्हणाल्या. "चिन्ह जागचं हललंच नाही."

"दोघांनी जागा बदलल्या फक्त," अर्पिता म्हणाली.

रुचिराताईंनी वही स्वतःकडे ओढली आणि आणखी एक उदाहरण त्याच रीतीने सोडवायला घेतलं, तेही बरोबर येतंय का बघायला.