हळदींच्या मोसमातली गिटार

मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. मित्रांनो, निवांत बसायची माझी सवय मोडली आहे, तेव्हा भरभर बोलले तर सांभाळून घ्या.

जन्म कारखान्यातला, पण मला कंठ फुटला तो उरणजवळच्या मिठागरावर. प्रज्ञाने मला जुन्या बाजारातून आणलं. ड्रम वाजवणाऱ्या निकेतच्या आजोबांची मीठ साठवायची शेड रिकामी पडली होती, तिथे प्रज्ञा आणि निकेतचा रॉक बँड जमायचा. खाऱ्या हवेने माझ्या तारा गंजायच्या. प्रज्ञा त्या पुसत बसायची आणि पुसता पुसता एखादी छेडायची, की निकेत पाठोपाठ ठेका धरायचा. त्यांची गाणी अशीच झाली. सगळ्यात लाडकं गाणं होतं बंदराचे कंटेनर ठेवायला भराव घालून बुजवलेल्या मिठागराचं.

मग शिवदास बँडचा मॅनेजर झाला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला रिकामी संध्याकाळ बघवत नसे. आज जासईला लग्नाची हळद, उद्या करंजाला, परवा नागावच्या रिसॉर्टवर.

"हलदीला पोरांना नाचाला पायजे, प्रज्ञा. तुजा गाना मंग वाजव," तो म्हणायचा.

लोकांनी आम्हाला डोक्यावर घेतलं. खोटं कशाला बोलू, मलाही त्या शिट्ट्या आवडल्या. पण तारा पुसायला कोणाला सवड उरली नाही. टेम्पोतून उतरायचं, वाजवायचं, पुन्हा टेम्पोत.

अशात पनवेलच्या एका कॉलेजने फक्त स्वतःची गाणी वाजवायला बोलावलं. प्रज्ञा हरखून गेली. मिठागराचं गाणं छान सुरू झालं, आणि दुसऱ्या कडव्यानंतर निकेतचा हात सवयीने हळदीच्या ठेक्यावर गेला. प्रज्ञाची बोटंही त्याच्या मागोमाग गेली. पोरं उठून नाचू लागली. तिने मागे फिरायची धडपड केली, पण पुढचं कडवं तिला आठवेना. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"गाना हिट झाला," शिवदास खुशीत म्हणाला. "आता असाच वाजवाचा."

"माझं गाणं मीच विसरले, दादा," प्रज्ञा म्हणाली. "रविवारची हळद दुसऱ्या बँडला दे."

"मानसा नावा ठेवतील."

"ठेवू दे," निकेत खाली बघत म्हणाला.

रविवारी आम्ही शेडमध्ये गेलो. प्रज्ञाने चार सूर लावले आणि सोडून दिले. निकेतचा पाय सारखा हळदीच्या ठेक्यावर हलत होता. मी तळमळत होते, कारण ते कडवं मला पाठ आहे, पण बोटांशिवाय मी मुकी. अंधार पडू लागला तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "पुढच्या रविवारीपण येऊ."

मित्रांनो, मला मखमलीची पेटी नको. तुमच्या ओळखीचं कोणी गाणं रचत असेल आणि त्याची एखादी संध्याकाळ रिकामी दिसली, तर ती तशीच राहू द्या. प्रज्ञाला ते कडवं अजून आठवलेलं नाही.