भिंत उजव्या हाताला

धाकटीच्या स्वयंपाकघरात फ्रिज आणि खिडकीची भिंत यांच्यामध्ये नऊ इंचांची फट होती. तशीच फट समोरच्या दारात, थोरलीकडेही होती. दोघी जावा, एकाच मजल्यावर समोरासमोर राहायच्या, आणि बिल्डरने दोघींना सारखाच ओटा, सारखीच खिडकी आणि सारखीच अडचण दिली होती. थोरलीने चौदा वर्षं त्या फटीत केरसुणी, घडी केलेल्या पिशव्या आणि एक मोडकी छत्री कोंबून ठेवली होती. धाकटी येऊन तीन वर्षं झाली नाहीत तोच तिने फटीत चाकांचं कपाट बसवून घेतलं.

कपाट म्हणजे काय, तर अंगाने सडपातळ आणि उंचीला फ्रिजएवढं. मूठ धरून ओढलं की सरसर बाहेर यायचं, आणि भिंतीला पाठ टेकवून पाच कप्पे पुढ्यात उघडे करायचं. मीठ-मसाला, तेलाच्या बाटल्या, चहा-साखर, सगळं एका नजरेत. काम झालं की कोपराने ढकलायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थोरली तोंडाने "छान आहे हो" म्हणाली आणि घरी येऊन तिने भांडी जरा जास्तच जोरात घासली.

पण तिच्या पोटात खरं दुखलं ते तिसऱ्या कप्प्यामुळे. तो कप्पा सासूबाईंच्या हाताच्या उंचीवर होता आणि त्यात सासूबाईंचा चष्मा, डोळ्यांत घालायचं औषध आणि सुईदोऱ्याचा पत्र्याचा डबा ठेवलेला होता. सासूबाई राहायच्या थोरलीकडे. त्यांचं दुखलंखुपलं, पथ्यपाणी, दवाखाना हे सगळं चौदा वर्षं थोरलीने केलं. आणि डबा मात्र जाऊन बसला समोर. डब्यामागोमाग सासूबाईही दुपारच्या तिकडे बसू लागल्या. मग एक दिवस जेवताना त्या सहज म्हणाल्या, की एक तारखेपासून जरा धाकटीकडे राहते, बघू कसं जमतं ते. बघू, म्हणजे जमलं तर त्या तिकडेच राहणार, हे न कळण्याइतकी थोरली दूधखुळी नव्हती.

आता कुणी म्हणेल, म्हातारं माणूस समोरच्या दारात गेलं तर काय आभाळ कोसळतं? थोरलीचं कोसळलं होतं. चौदा वर्षं केलेलं कुणी बोलून दाखवलं नव्हतं, तिनेही कधी मागितलं नव्हतं, पण सासूबाई आपल्याकडे असतात एवढी एक गोष्ट तिच्या पदरात होती. तीही एका फळकुटाच्या कपाटाने पळवावी याचा तिला भयंकर राग आला. धाकटीचा हसरा चेहरा तिला डोळ्यांसमोर नकोसा झाला, आणि नेमका तोच दिवसभर दिसत राहिला.

तिने ठरवलं, एक तारखेच्या आत आपल्याकडेही कपाट. तस्संच, तसूभरही कमी नाही. वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने ती धाकटीकडे गेली, आणि धाकटी फोनवर बोलत असताना तिने कपाट वितीने मोजलं, कप्पे बोटांवर मोजले, मुठीची जागा ध्यानात ठेवली. साखर घरात दोन किलो होती. पुढच्या आठवड्यात तिने दही मागितलं आणि चाकं बघून घेतली. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, झोप लागेपर्यंत ती मनाने धाकटीच्या ओट्यापाशीच उभी असायची.

सुतार तिने मुद्दाम लांबचा गाठला. सुतार भला माणूस होता. म्हणाला, ताई, मी येऊन एकदा जागा बघतो, असल्या कामात डोळ्यांनी बघितलेलं बरं. थोरलीने साफ नकार दिला. सुतार मोजपट्टी घेऊन जिना चढला की धाकटीला सुगावा लागणार, आणि थोरलीला तर सगळ्यांचे डोळे एकदम दिपवायचे होते. तिने कागदावर काढलेलं चित्र पुढे केलं. सुताराने ते उलटसुलट करून पाहिलं आणि एकच गोष्ट विचारली.

"फ्रिजसमोर उभं राहिलं की भिंत कुठल्या हाताला येते?"

"उजव्या," थोरली म्हणाली. तिला विचारसुद्धा करावा लागला नाही.

एक तारखेला सकाळी कपाट आलं. सुताराच्या पोरांनी ते जिन्याने चढवलं, फटीत सरकवलं आणि ती निघून गेली. रंग धाकटीच्या कपाटापेक्षा उजळ होता, मूठ पितळी होती. थोरलीने नवऱ्याला पेपर वाचताना उठवलं आणि धाकटीला हाक मारली. सासूबाई खिडकीपाशी उभ्याच होत्या. जायची पिशवी भरून त्यांनी काखेत धरली होती.

"आई, जरा सरका," असं म्हणत थोरलीने मूठ धरली आणि ऐटीत ओढलं.

कपाट अगदी अलगद बाहेर आलं. आणि सगळ्यांसमोर उभी राहिली एक सपाट, गुळगुळीत, रंगवलेली फळी. थोरलीने आणखी ओढलं. आणखी फळी आली. पाचही कप्पे भिंतीकडे तोंड करून होते, आणि भिंत होती डाव्या हाताला. समोरासमोरची घरं, एकीचं जे उजवं ते दुसरीचं डावं. ज्या ओट्यापाशी ती चौदा वर्षं उभी राहिली, तिथली भिंत कुठे आहे हे सुताराने विचारलं तेव्हा तिला आठवलंच नव्हतं. तिने धाकटीच्या घरातून उत्तर दिलं होतं.

नवऱ्याला हसू आलं आणि त्याने ते पेपरात लपवलं. धाकटी मात्र हसली नाही. ती फळीकडे बघत होती, मग थोरलीकडे, आणि साखर, दही सगळं तिच्या ध्यानात आल्याचं तोंडावर दिसत होतं. ती हसली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

"तुमच्या डब्यासाठी केलं होतं हे, आई," थोरली म्हणाली. आवाज फुटत होता आणि तिला तो आवरेना. "इथे जागा नव्हती म्हणून तुमचा डबा तिकडे गेला. जागा केली असती तर तुम्ही गेला नसता."

सासूबाईंनी पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली.

"डब्याला काय, कुठेही चालतं गं. तिकडे मला दिवसभर कुणी सरका म्हणत नाही."

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. मी कधी म्हणते, असं थोरलीच्या अगदी ओठावर आलं होतं, पण तिने सरका म्हटल्याला दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. फ्रिज उघडायचा तरी सरका, भाकरी उलटायची तरी सरका, केर काढायचा तरी सरका. अरुंद घर, घाईचे हात, त्यात वाईट हेतू कधीच नव्हता. पण चौदा वर्षांत आपण त्यांना सरकवत सरकवत थेट समोरच्या दारात नेऊन सोडलं, हे तिला फळीकडे बघता बघता समजलं.

तिने कपाट कमरेने आत ढकललं. बाहेरच्या खोलीतून स्टूल आणलं आणि बरोबर कपाटाच्या तोंडाशी, खिडकीजवळ ठेवलं. आता ते कपाट ओढता येणार नव्हतं, फ्रिजचं दारही अर्धंच उघडणार होतं.

"बसा आई. चहा करते."

"ताई, चहा मी आमच्याकडे टाकलाय," धाकटी दारातून म्हणाली.

"पिऊन घे मग तू," थोरली म्हणाली. एवढं झालं तरी मत्सर काही लगेच जाणार नव्हता.

सासूबाई स्टुलावर बसल्या, पण पिशवी त्यांनी मांडीवरच ठेवली, उठायच्या बेतात असल्यासारखी. थोरली अंग चोरून त्यांच्या पलीकडून हात लांब करत राहिली, चहा, साखर, दूध, एकेक डबा काढत, आणि एकदाही सरका म्हणाली नाही. कप मात्र तिने मुद्दाम काठोकाठ भरला.

तो घ्यायला सासूबाईंना दोन्ही हात लागले. त्यांनी पिशवी खाली जमिनीवर ठेवली.